पुढचा उजवा फोर्क पुन्हा गळतोय: कामाच्या नोंदी

८ जून

मोटरसायकलच्या फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या शॉक अब्सॉर्बरच्या पायाला, सील (तेल आत अडवणारं रबरी कडं) बदलून आणलं तरी पुन्हा तेल सुटलंय. उजवा फोर्क, म्हणजे डिस्कच्या बाजूचा. गाडी धुऊन पुसून घेतली, एक चक्कर मारून आलो आणि बघतो तर बॉटम केसवरून (फोर्कची खालची, बाहेरची नळी) ओघळ थेट एक्सलपर्यंत, म्हणजे चाकाच्या दांड्यापर्यंत आलेला, कॅलिपरच्या (पॅडने डिस्क दाबणारा ब्रेकचा भाग) ब्रॅकेटवर पण थेंब. डावा एकदम कोरडा.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "सर, थोडं ऑइल दिसणारच, पाइपला लुब्रिकेशन लागतं ना." हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच माणूस ऐकून घेतो. बॉटम केसमध्ये वर-खाली होणाऱ्या क्रोमच्या पाइपवर तेलाचा अगदी पातळ थर असायलाच हवा, त्याच्यावरच सीलचा ओठ घसरतो, बोट फिरवलं तर बोट जेमतेम चमकतं. पण पाइपवर गोल कडं उमटत असेल, धूळ चिकटून काळा चिखल होत असेल किंवा तेल खाली ओघळत असेल तर ती गळती आहे, तिला दुसरं नाव नाही. आणि डिस्कच्या बाजूला तर थांबून बघायचा प्रश्नच येत नाही, कारण पॅड एकदा तेल प्याले की ते धुऊन भरवशाचे होत नाहीत. पुढचा ब्रेक म्हणजे गाडी थांबवायची मुख्य ताकद, तिथे तेल चालत नाही. कॅलिपरला सध्या फडकं बांधून ठेवलंय आणि गाडी फक्त तपासणीपुरतीच, तीही अगदी हळू, चालवणार.

११ जून

आधी सगळ्यात सोपा उपाय. बऱ्याचदा सील फाटलेलं नसतंच, ओठाखाली मातीचा कण किंवा वाळलेला किडा अडकलेला असतो आणि त्या एका जागेतून तेल झिरपतं. जुन्या एक्स-रेच्या फिल्मची पट्टी कापली, टोकाला हुकासारखी खाच ठेवली आणि कडा बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत केल्या (कडा धारदार राहिली तर तीच सीलचा ओठ कापते). डस्ट सील (ऑइल सीलच्या वरचं, धूळ अडवणारं) प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूच वर सरकवलं, स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही, क्रोमवर एक ओरखडा म्हणजे कायमचं दुखणं. मग फिल्म सीलच्या ओठाखाली सरकवून पाइपभोवती गोल फिरवली, बाहेर ओढली, पुसली, परत फिरवली. थोडा काळा गाळ आला, पण फार नाही. पुढचा ब्रेक दाबून फोर्क पंप केला, पुसलं, परत पंप केला. काही फरक नाही, तेल येतंच आहे.

एक गोष्ट मात्र बघून ठेवली. पाइपवर कापसाचा बोळा वरपासून खालपर्यंत चारी बाजूंनी फिरवला, कुठेही धागा अडकला नाही. क्रोमला खड्डा किंवा टवका असता तर कापसाने लगेच सांगितलं असतं. म्हणजे दिसतोय तेवढा पाइप तरी चांगला आहे.

१५ जून

आज सर्व्हिस सेंटर. अ‍ॅडव्हायझरने वाकून बघितलं आणि उभं राहताच निकाल दिला, "पाइप खराब आहे सर, पूर्ण असेंब्ली टाकावी लागेल. वॉरंटीत येणार नाही, सील वेअर अँड टेअरमध्ये जातं."

मी म्हणलं, पाइप खराब आहे तर कुठे खराब आहे ते बोट ठेवून दाखवा. दाखवता आलं नाही. वाकलाय म्हणावं तर मोजलाय का? नाही. यात मला त्या माणसाचा राग नाही, त्याच्यासमोर रांग असते आणि असेंब्ली बदलली की तक्रार परत येत नाही एवढंच त्याला माहीत असतं. पण गिऱ्हाईक म्हणून आपण इथे सोडून दिलं तर चांगले पार्ट भंगारात जातात आणि मूळ कारण गाडीतच राहतं.

मग जॉब कार्ड. त्याने लिहिलं होतं "फ्रंट फोर्क लीक चेक". असल्या ओळीला काही अर्थ नसतो, चेक केलं म्हणून सही मारता येते. मी शांतपणे सांगून त्याच्याकडून लिहून घेतलं: उजव्या फोर्कचं सील बदलूनही पुन्हा गळती, रिपीट तक्रार. खालचा बोल्ट उघडून दोन्ही बुश (पाइप ज्यांच्या आधाराने बॉटम केसमध्ये घसरतो ती कडी) तपासणे. पाइपचा वाक मोजून आकडा लिहिणे. काढलेले पार्ट परत देणे. रिपीट हा शब्द कार्डावर असलाच पाहिजे, कारण त्याच कामाची मजुरी दुसऱ्यांदा लावायची की नाही हे त्यावर ठरतं.

मेकॅनिकला भेटायचं म्हणलं तर आत सोडत नाहीत, सेफ्टीचा नियम आहे म्हणे. ठीक आहे, नियम असेल. मग त्यालाच दोन मिनिटं बाहेर बोलावलं. त्याला म्हणलं, "दादा, सील तुम्ही चांगलं बसवलं असेल, पण ते परत का गेलं ते मला हवंय. बुश एकदा बघाल का?" तो आधी अ‍ॅडव्हायझरकडे बघत होता, मग मोकळा झाला, म्हणाला, "सर, फोर्कला जेवढा टाइम देतात ना, त्यात सील बदलून होतं, बुशपर्यंत कोण जात नाही." हे एक वाक्य मला सगळ्या कागदांपेक्षा जास्त कामाचं वाटलं.

१९ जून

गाडी परत आली. बिलावर "फोर्क ओव्हरहॉल" लिहिलंय, म्हणजे फोर्क पूर्ण उघडून दुरुस्त केला. वाकाचा आकडा लिहिलेला नाही. जुनं सील मात्र पिशवीत घालून दिलं, त्या मेकॅनिकने आठवणीने दिलं म्हणून त्याचे आभार मानून आलो.

घरी येऊन सील भिंगाखाली धरलं. जुनं सील नीट वाचलं तर खूप काही सांगतं. ओठ सगळीकडून सारखा झिजला असेल तर वय झालं. ओठावर एकाच जागी उभी चीर असेल तर पाइपवर टवका आहे किंवा बसवताना पाइपच्या वरच्या काठाने कापलं. रबर कडक होऊन तडकलं असेल तर ऊन आणि वेळ. माझ्या सीलचा ओठ फक्त एका कमानीत झिजलाय, साधारण पाव वर्तुळ, बाकी नव्यासारखा. म्हणजे पाइप सीलच्या मधोमध चालत नाहीये, एका बाजूला रेलतोय. आणि दुसरी गोष्ट, सीलच्या बाहेरच्या अंगाला, जिथे ते बॉटम केसमध्ये घट्ट बसतं, तिथे रबरावर एक आडवी-तिरकी रेघ उमटलीय. ही रेघ आत्ताच लिहून ठेवतो.

२४ जून

परत ओलं. या वेळी कमी, पण ओलं.

आज पावडर टेस्ट केली. पाइप आणि बॉटम केसचा वरचा भाग ब्रेक क्लीनरने पूर्ण कोरडा केला, डस्ट सील वर सरकवून बांधून ठेवलं आणि टाल्कम पावडरचा पातळ थर फुंकला. मग जागेवरच फोर्क जोरात पंप केला. पाइपवरची पावडर जवळपास कोरडीच राहिली, पण सीलच्या बाहेरच्या कडेला, सर्क्लिपच्या (सील जागेवर धरणारी तारेची क्लिप) वरच्या बाजूला, मागच्या अंगाला पावडरचा लगदा झाला.

म्हणजे तेल आता ओठातून येतच नाहीये, सीलच्या पाठीमागून येतंय, सील आणि बॉटम केसच्या भिंतीमधून. अशा ठिकाणी ओठ कितीही चांगला असो, किती महागाचं सील आणून बसवा, गळणारच. सीलवरच्या त्या रेघेचा अर्थ लागला. भिंतीला खाच असणार.

उघडायचं ठरवलं. उघडण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, आणि सर्व्हिस सेंटरला मेल टाकला की रिपीट गळती आहे, मी फोर्क उघडून बघतोय, फोटो सोबत. नंतर कोणी "तुम्हीच उघडलं" म्हणू नये म्हणून हे उघडायच्या आधी करायचं असतं.

२८ जून

आज दिवसभर फोर्क. जरा सविस्तर लिहितो कारण क्रम चुकला की हे काम अडतं.

गाडी इंजिनखाली जॅक लावून उचलली, मागून पट्ट्याने बांधली, पुढचं चाक अधांतरी. जॅक सायलेन्सरच्या पाइपवर किंवा ऑइल फिल्टरवर लावू नका, दोन्ही दबतात. कॅलिपर सोडवून दोरीने हँडलला टांगला, ब्रेकच्या होजवर लोंबकळू द्यायचा नाही, आणि मध्ये लाकडाची चकती अडकवली म्हणजे चुकून लिव्हर दाबला गेला तरी पिस्टन बाहेर येणार नाही. चाक काढलं, मडगार्ड काढलं.

फोर्क टीमधून (हँडलखाली दोन्ही फोर्क धरणाऱ्या वरच्या-खालच्या पकडी) काढायच्या आधी वरच्या टीचा बोल्ट सैल करून फोर्कची टोपी एक आटा मोकळी करून घ्यायची. खालच्या टीत फोर्क घट्ट धरलेला असतो तेव्हाच ती सुटते, बाहेर काढल्यावर व्हाइसमध्ये पाइप दाबून धरणं म्हणजे पाइपची वाट लावणं. खालचा डॅम्पर बोल्टही टोपी आणि स्प्रिंग जागेवर असतानाच ढिला करायचा, स्प्रिंगच्या दाबाने आतला डॅम्पर रॉड (तेलाने फोर्कची उसळी आवरणारा, भोकं असलेला दांडा) धरून राहतो. स्प्रिंग काढल्यावर बोल्ट फिरवला तर रॉड पण बोल्टबरोबर गोल फिरत राहतो आणि मग इम्पॅक्ट गन किंवा निमुळता केलेला लाकडी दांडा आत ठोकून रॉड धरायची कसरत.

आणि इथेच ते दिसलं. बॉटम केसच्या तळाला तो बोल्ट असतो, त्याच्या षटकोनी खाचेत चिखल वाळून दगड झालेला. टोच्याने उकरून उकरून काढावा लागला, मगच अ‍ॅलन की बसली. याचा अर्थ सरळ आहे, या बोल्टला कोणी हात लावलेला नाही. आधीही नाही आणि ओव्हरहॉलच्या बिलाच्या वेळीही नाही. चिखल उकरायच्या आधी जवळून फोटो घेतला, बाजूला जॉब कार्ड ठेवून.

बोल्ट न उघडता सील बदलता येतं का? येतं. फोर्क टीमधून काढायचा, सर्क्लिप काढायची, जुनं सील काहीतरी टोकदार घालून उपटायचं आणि नवीन वरून पाइपवर चढवून ठोकायचं. घाईत असं करतात. पण माझ्या फोर्कला वेगळे बुश आहेत, अशा फोर्कमध्ये सील उपटायची गरजच नसते, खालचा बोल्ट काढला की पाइपला दोन-चार झटके द्यायचे, पाइपवरचा बुश वरच्या बुशला धडकतो आणि बुश, वॉशर, सील सगळं एकामागोमाग बाहेर येतं, भिंतीला स्पर्शही न होता. आज तसंच केलं, तिसऱ्या झटक्याला सगळं हातात.

तेल राखाडी, चमकीवालं. दुधाळ असतं तर पाणी शिरलंय म्हणलं असतं. चमकी म्हणजे धातू, म्हणजे कुठेतरी घासतंय.

२९ जून

सगळे पार्ट रॉकेलने धुऊन जुन्या चादरीवर ओळीने मांडले: पाइप, बॉटम केस, मेन स्प्रिंग, स्पेसर (स्प्रिंगला दाब देणारा नळीचा तुकडा), डॅम्पर रॉड आणि त्याची छोटी रिबाउंड स्प्रिंग, ऑइल लॉक पीस, दोन बुश. बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आर १२ गाडीवर तेलाचं डॅम्पिंग असलेला टेलिस्कोपिक फोर्क आणला, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे, एका नळीत दुसरी नळी, आत स्प्रिंग आणि छोट्या भोकांतून ढकललं जाणारं तेल. इतकी साधी वस्तू आहे, म्हणूनच ती कारण न शोधता बदलून टाकणं मला पटत नाही.

पाइप: सपाट काचेवर ठेवून गोल फिरवला, खाली टॉर्च धरली, उजेडाची फट कुठेही वाढत-कमी होत नाही. तरी खात्रीसाठी लेथवाल्या मित्राकडे व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज (बारीक वाक मोजणारं घड्याळासारखं माप) लावला. ०.०४ मिमी. बऱ्याच मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.२ मिमी असते. म्हणजे पाइप सरळ आहे, क्रोम शाबूत आहे. असेंब्लीची गरज नव्हती.

बुश: हे दोन्ही करड्या टेफ्लॉनचा थर असलेले, थर गेला की खालून तांब्याचा रंग दिसतो. वरचा बुश, जो बॉटम केसमध्ये बसतो, तो चाकाच्या बाजूला तांबडा झालाय. खालचा, पाइपच्या टोकाचा, तो बरोबर उलट्या बाजूला, बाहेरच्या अंगाला तांबडा. ब्रेकिंग आणि खड्ड्यांनी होणारी नेहमीची झीज पुढच्या-मागच्या बाजूला असते. माझी झीज डावी-उजवी आहे आणि दोन बुशना विरुद्ध बाजूंना आहे. असं एकाच कारणाने होतं: बॉटम केसचं खालचं टोक चाकाकडे ओढलं गेलंय आणि त्याच स्थितीत एक्सलला जखडलंय. फोर्क वर-खाली होतो पण तिरका घासत होतो. सीलचा ओठ पाव वर्तुळात का झिजला त्याचंही हेच उत्तर.

चाक काढताना एक्सलचा पिंच बोल्ट (फोर्कच्या पायात एक्सल आवळून धरणारा) उजव्या बाजूलाच आहे हे पाहिलं होतं. चाक बसवताना एक्सलचं नट आवळून लगेच पिंच बोल्ट आवळला की उजवा पाय जिथे असेल तिथे अडकतो. आधी एक्सल आवळायचा, मग पिंच बोल्ट सैल ठेवून गाडी खाली घेऊन फोर्क पंप करायचा, म्हणजे तो पाय एक्सलवर सरकून आपली जागा स्वतः शोधतो, आणि मगच पिंच बोल्ट. मधली पायरी गाळली तर काही लगेच बिघडत नाही, गाडी चालते, फक्त बुश रोज थोडा थोडा खाल्ला जातो.

बॉटम केस: मागच्या अंगाला, सील बसतं त्या भिंतीवर, नखाला लागेल अशी तिरकी खाच, वरच्या काठाला अ‍ॅल्युमिनियम उचलून आलेलं. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाच्या रुंदीची. सीलवरची रेघ तिथेच जुळते.

म्हणजे दोन वेगवेगळे रोग. पहिलं सील गेलं ते तिरकं घासल्यामुळे. त्यानंतरची गळती या खाचेतून.

२ जुलै

पार्टच्या काउंटरवर नुसतं "अमुक गाडीचं फोर्क सील" मागू नका, पार्ट नंबर घेऊन जा, आणि जुनं सील पण न्या. सीलवर माप छापलेलं असतं, माझं ४१ × ५४ × ११, म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास, उंची, सगळं मिमीमध्ये. यादी केली: दोन्ही बाजूंची ऑइल सील आणि डस्ट सील, चारही बुश, तळाच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर, टोपीच्या ओ-रिंग. तांब्याचा वॉशर एकदाच दबतो, जुना परत वापरला तर तळातून ठिबकतं आणि आपण सीलला शिव्या देत बसतो.

काउंटरवाल्याने "बुश लागत नाहीत कुणाला, ऑर्डरवर येतील" म्हणून सांगितलं. हेच तर मुख्य दुखणं आहे, बुश कुणी मागतच नाही कारण तिथपर्यंत कुणी जात नाही. ऑर्डर लावली, थांबायला तयार आहे.

सील घेताना बाहेरचं अंग रबराचं असलेलं घेतलं. बाहेरून नुसता पत्रा असलेली सीलही येतात, पण माझ्या खाच पडलेल्या भिंतीला रबर जास्त चांगलं धरेल.

१० जुलै

पार्ट आले. आधी भिंत. उचलून आलेली कड अर्धगोल बारीक कानशीने फक्त उंचवट्यापुरती उतरवली, मग १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर तेल लावून गोल दिशेत फिरवला. उभ्या दिशेत पेपर मारला तर प्रत्येक रेघ तेलाला वर यायची वाट होते. खाच पूर्ण गेली नाही आणि तिला पूर्ण घालवायचीही नाही, भोक मोठं झालं तर सील ढिलं बसेल. खाचेत, आणि सीलच्या बाहेरच्या अंगाला, तेलात न विरघळणाऱ्या, कडक न होणाऱ्या सीलंटचा अगदी पातळ हात दिला. जास्त लावलं तर आत ढकललं जाऊन तेलात तुकडे होतात.

जोडणी. डॅम्पर रॉड, ऑइल लॉक पीस, पाइप आत, नवीन तांब्याचा वॉशर, बोल्टला मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक, टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्यावर. नवीन बुश. पाइपच्या वरच्या काठावर प्लॅस्टिकची पिशवी ताणून तेल लावलं आणि त्यावरून सील उतरवलं, ओठावर ग्रीस, नंबर छापलेली बाजू वर, छोटी गोल स्प्रिंग दिसते ती बाजू तेलाकडे. सील ठोकायला योग्य मापाचा सील ड्रायव्हर (पाइपवर बसणारं नळीसारखं हत्यार) वापरला. सर्क्लिपची खाच पूर्ण गोलाईत मोकळी दिसेपर्यंत ठोकायचं, एका बाजूला दिसली म्हणून थांबायचं नाही.

तेल. याबद्दल खूप गैरसमज आहेत. १०डब्ल्यू लिहिलेली दोन कंपन्यांची तेलं सारखी जाड नसतात, फोर्क ऑइलच्या त्या आकड्याला एकच पक्कं मोजमाप नाही. खरं तुलना करायचं माप म्हणजे ४० अंश सेल्सिअसला सेंटीस्टोक, ते तेलाच्या डेटाशीटवर असतं. मॅन्युअलने सांगितलेल्या तेलाचा आकडा बघितला आणि त्याच्या जवळचं घेतलं. आणि फोर्क मऊ वाटतो म्हणून जाड तेल भरा हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण डॅम्पर रॉडवाल्या फोर्कमध्ये तेल ठराविक भोकांतून जातं, वेग दुप्पट झाला की रोध जवळपास चौपट होतो. जाड तेलाने हळू हालचाल बरी वाटेल, पण धारदार खड्ड्यात भोकं तेवढं तेल सोडू शकणार नाहीत आणि धक्का थेट मनगटात येईल.

मोजायचं ते मिलीलिटरवर सोडू नका, पातळी मोजा. फोर्क उभा, स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण खाली दाबलेला, हळूहळू पंप करून हवा काढलेली, थोडा वेळ थांबून मग काठापासून तेलापर्यंत पट्टी. वर उरलेली हवा ही पण एक स्प्रिंगच असते, शेवटच्या टप्प्यात तीच कडक होते. तेल जास्त भरलं तर हवा कमी, दाब जास्त आणि तो दाब सीलवर. दोन्ही फोर्कची पातळी अगदी सारखी केली. डाव्याचे बुश पुढून-मागून थोडे झिजलेले निघाले, नेहमीसारखे, तरी बदलले.

११ जुलै

फोर्क टीमध्ये. दोन्ही पाइप वरच्या टीपासून समान उंचीवर, पट्टीने मोजून. खालच्या टीचे बोल्ट टॉर्क रेंचनेच, जास्त आवळले तर पाइप तिथे दबतो आणि आत फोर्क अडकतो. मडगार्डचे बोल्ट हाताने बसवून सोडले.

मग एक्सलचं नट टॉर्कवर, पिंच बोल्ट मोकळा, गाडी जमिनीवर, पुढचा ब्रेक दाबून फोर्क पूर्ण खालपर्यंत पंप. उजवा पाय एक्सलवर बाहेरच्या दिशेला सरकला. डोळ्यांना दिसेल इतका सरकला. तिथेच पिंच बोल्ट आवळला, आणि सगळ्यात शेवटी मडगार्ड. हाताला लगेच कळलं, आधी फोर्क खाली जाताना मधेच अडखळायचा, आता एकसंध जातो आणि तसाच वर येतो.

पॅड नवीन टाकले, डिस्क ब्रेक क्लीनरने पुसली, लिव्हर पंप करून पॅड जागेवर आणले आणि मगच गाडी हलवली.

१४ जुलै

पाइपला केबल टाय बांधून सॅग, म्हणजे वजनाने फोर्क किती खाली बसतो ते, मोजला. फोर्कचा एकूण प्रवास १२० मिमी, माझ्या वजनाने ३६ मिमी बसतो, म्हणजे ३० टक्के. साधारण पाव ते एक तृतीयांश चालतं, तेव्हा स्पेसरला हात लावायची गरज नाही. जोरात ब्रेक मारल्यावर टाय तळापासून बोटभर वर थांबतोय.

दोन्ही फोर्क कोरडे. पावडर टेस्ट परत केली, सीलच्या मागच्या बाजूला काही नाही.

१८ जुलै

सर्व्हिस सेंटरला गेलो. जुने बुश, जुनं सील, चिखल भरलेल्या बोल्टचा फोटो, डायल गेजचा फोटो आणि बिलाची कॉपी एका फायलीत. या वेळी थेट वर्क्स मॅनेजरला भेटायची वेळ घेतली होती. आवाज चढवायचा नाही हे ठरवूनच गेलो, कारण आवाज चढला की बोलणं आवाजावर जातं आणि बोल्ट बाजूला राहतो.

फोटो पुढे ठेवला आणि विचारलं, "हा बोल्ट न उघडता ओव्हरहॉल कसं होतं?" तो बराच वेळ बघत होता. मग बिल मागवलं, जॉब कार्ड मागवलं, त्यावरची बुश तपासायची ओळ वाचली. पुढे जास्त बोलावं लागलं नाही. ओव्हरहॉलची मजुरी परत द्यायचं मान्य केलं, लिहून दिलं. बॉटम केसच्या खाचेबद्दल म्हणाला की पुन्हा गळलं तर बॉटम केस त्यांच्याकडून. तेही लिहून घेतलं, तोंडी नको म्हणलं.

मग मी त्या मेकॅनिकला बोलवायची विनंती केली आणि मॅनेजरसमोर सांगितलं की जुनं सील त्याने परत दिलं म्हणून कारण सापडलं, त्याला बोल लावू नका, त्याला वेळ द्या. टेबलावर दोन्ही बुश ठेवून झीज दाखवली. तो बुश हातात घेऊन फिरवत म्हणाला, "हे विरुद्ध साइडला गेलंय म्हणजे पिंच आधी आवळलाय." लगेच ओळखलं त्याने. माणसाला काम येतं, त्याला फोर्क उघडू दिला जात नाही एवढंच. मॅनेजर म्हणाला चाक बसवायच्या चेकलिस्टमध्ये पंप करून पिंच आवळायची पायरी टाकतो. टाकली का ते पुढच्या सर्व्हिसला बघणार आहे.

३० जुलै

अजून कोरडं. डस्ट सील वर करून बघितलं, आत स्वच्छ.

पुढचं चाक उचलून फोर्क पुढे-मागे ओढून बघितला, बुशमध्ये खेळ नाही. पण हँडल हळू फिरवताना बरोबर मधोमध एक बारीक खाच लागतेय. ती फोर्कची नाही, कोन सेटची (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) आहे, बेअरिंगचे बॉल रेसमध्ये, म्हणजे त्यांच्या कड्यांत, खड्डे पाडून बसलेत. ब्रेक मारल्यावर येणारी टक्-टक् बरेच जण फोर्कच्या माथी मारतात आणि निघते कोन सेटची. नुसतं आवळून ही खाच जात नाही, सेट बदलावाच लागेल. पार्ट नंबर काढलाय, ऑर्डर उद्या.